टनेल बोटीचं वजन: शिसं लावलं की मंदावते, काढलं की उलटते

रिमोटवर पळणाऱ्या मॉडेल टनेल बोटीची, म्हणजे दोन बाजूंच्या पोकळ भागांमध्ये हवेचा बोगदा असलेल्या शर्यतीच्या बोटीची, तक्रार जवळपास ठरलेली असते. बोट सरळ पट्ट्यावर सुसाट सुटते, नाक जरासं उचलतं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत ती पाठीवर पडलेली असते. मग नाकात शिसं चिकटवलं जातं. आता ती उलटत नाही, पण पळतही नाही. वळणावर नाक पाण्यात खुपसते, मोटर हात लावू देत नाही इतकी तापते. म्हणून शिसं काढायचं. पुन्हा पाठीवर. असं पाच-सहा वेळा झालं की माणूस वैतागून विचारतो, या बोटीचं बरोबर वजन आहे तरी किती?

या चक्रात मी अख्खा एक मोसम घालवला. माझी बोट ६६ सेंटिमीटर लांब, मागे विजेची आउटबोर्ड (बाहेर लटकणारी मोटर), चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. खालचे आकडे तिचे आहेत. तुमच्या बोटीला ते जसेच्या तसे बसणार नाहीत, हिशेबाची रीत मात्र बसेल. आणि घोळ बहुधा तिथेच सापडेल, जिथे मला फार उशिरा सापडला.

काट्यावर नक्की काय ठेवता?

वजन विचारलं की बरेच जण रिकाम्या हलचं, म्हणजे बोटीच्या नुसत्या सांगाड्याचं, वजन सांगतात. त्याचा काही उपयोग नाही. बोट पाण्यात उतरते त्या अवस्थेत काट्यावर चढायला हवी: बॅटरी बसवलेली, प्रॉप (मागचा पंखा) लावलेला, रेडिओ बॉक्सवर (रिमोटचा संदेश घेणारी यंत्रणा असते त्या डबीवर) टेप मारलेली, तरंगण्यासाठीचा फोम आत. नायट्रोवर (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर) चालणारी असेल तर एकदा टाकी भरून आणि एकदा रिकामी करून. झालंच तर हीट (शर्यतीचा एक डाव) संपवून बोट काठावर आली की टेप न काढता, बाहेरून पुसून आणखी एकदा. हे शेवटचं वजन कोणीच करत नाही. मीही करत नव्हतो.

नुसतं एकूण वजन अर्धीच गोष्ट सांगतं, म्हणून काटे दोन घ्या. घरातले डिजिटल काटे चालतात. मागचा टेकू ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या, बरोबर खाली, पुढचा त्यापासून मोजून ५० सेंटिमीटर पुढे. दोन्ही टेकू अरुंद हवेत, पेन्सिलीएवढे, नाहीतर भार नेमका कुठे पडतोय ते कळत नाही. बोट समतल ठेवायची. माझ्या बोटीत मागचा काटा १,२४० ग्रॅम दाखवत होता, पुढचा ७६०. बेरीज २,०००. आता पुढच्या काट्याचा आकडा एकूण वजनाने भागायचा आणि टेकूंमधल्या अंतराने गुणायचा. ७६० भागिले २,०००, गुणिले ५०, उत्तर १९. म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य, जिथे बोट तोलून राहते ती जागा) ट्रान्समपासून १९ सेंटिमीटर पुढे, हलच्या लांबीच्या जवळजवळ २९ टक्क्यांवर. टनेल हलसाठी साधारण २८ ते ३२ टक्क्यांच्या दरम्यान सुरुवात करतात. हल बनवणाऱ्याने आराखड्यात काही आकडा दिला असेल तर तोच धरा. लांबी मोजताना ट्रान्समच्या मागे लटकणारी आउटबोर्ड धरायची नाही. त्यावरून उगाच वाद होतात.

दोन बोटांवर बोट तोलून सीजी काढायची जुनी पद्धत आहे. मीही तशीच शिकलो. पण बोटांवर सेंटिमीटरभराची चूक सहज होते, आणि आपलं सगळं भांडण त्या सेंटिमीटरभराचंच आहे.

एक आडवळण. नवखे बऱ्याचदा खऱ्या बोटीवरून हिशेब मांडतात. फॉर्म्युला वन पॉवरबोट सुमारे ६ मीटर लांब आणि इंजिनासकट सुमारे ३९० किलोची असते. लांबी एक दशांश केली तर वजन एक सहस्रांश व्हायला हवं, म्हणजे ६० सेंटिमीटरची बोट ३९० ग्रॅमची. गणित चोख आहे, पण एवढ्यात आपली बॅटरीसुद्धा बसत नाही. शिवाय तिथे चालक आत बसलेला असतो. नाक हलकं होतंय हे त्याला पाठीखाली जाणवतं आणि तो धावतानाच इंजिनाचा ट्रिम (तिरकेपणा) बदलतो. आपण काठावर पान्याने ट्रिम आवळतो आणि मग देवावर हवाला.

ती उडते का?

टनेल बोट वेगात असते तेव्हा पाण्याला टेकलेला भाग म्हणजे दोन स्पॉन्सनच्या (बाजूच्या लांब पोकळ भागांच्या) मागच्या टोकाची काही बोटं आणि प्रॉप. बाकीचा भार हवेवर. मधल्या बोगद्यात हवा कोंडली जाते आणि वर ढकलते. हे ढकलणं वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी ५० वरून ६० किलोमीटरवर गेलात की वेग २० टक्क्यांनी वाढला, उचल ४४ टक्क्यांनी.

किती उचल, याचा अंदाज कागदावर काढता येतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाची हवा अडली तर दर चौरस मीटरला सुमारे २४५ न्यूटनचा दाब तयार होतो. बोटीचा तळ ६० बाय ३० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर. गुणाकार ४४ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोचा भार. आणि आपली बोट दोन किलोची! नाक खाली असतं तेव्हा या दाबाचा थोडासाच भाग तळाला लागतो, म्हणून ती पाण्यावर राहते. नाक जसजसं उचलतं तसतसा तळ वाऱ्याला सामोरा जातो, उचल वाढते, नाक आणखी वर. शिवाय हवेची उचल सीजीच्या पुढे लागते, म्हणून ती नाकालाच आधी वर घेते. एका ठरावीक कोनापुढे गोष्ट हाताबाहेर जाते आणि मग थ्रॉटल सोडूनही फरक पडत नाही.

हा हिशेब मी मुद्दाम मांडतोय. साडेचार किलोच्या संभाव्य उचलीपुढे ५० ग्रॅम जास्तीचं वजन काय करणार? वजन म्हणून फार नाही. ते ५० ग्रॅम नाकात असल्यामुळे सीजी पुढे सरकतो आणि काम तो सरकलेला सीजी करतो. नाकातलं शिसं ज्यांना लागू पडतं त्यांना ते याच कारणाने पडतं, आणि तीच सरक दुसऱ्या, स्वस्त मार्गानेही मिळते. तिकडे येतोच.

कधी उलटते, ते लिहून ठेवा

एखादा म्हणतो, "माझी बोट सारखी उलटते." मी विचारतो, नेमकी कधी? उत्तर बहुधा "कधीही" असं येतं. दोन-तीन दिवस वही घेऊन काठावर बसलं की हे "कधीही" बरंच आखडतं.

विजेची बोट पहिल्या-दुसऱ्या फेरीतच उलटत असेल आणि नंतर शहाण्यासारखी पळत असेल, तर बॅटरीकडे बघा. चार सेलची पूर्ण भरलेली लिपो १६.८ व्होल्टची असते. भार पडला की लवकरच ती त्याहून खाली येते आणि त्याबरोबर वरचा वेगही. म्हणजे तुमची बोट तिच्या कमाल वेगाला नाही, पण त्याच्या थोडं खाली नीट बसलेली आहे. वजन वाढवण्याआधी ट्रान्समीटरवर थ्रॉटलची वरची मर्यादा पाच टक्के कमी करून पाहा, किंवा अर्धा फेरा सबुरीने मारा.

नायट्रोचं नेमकं उलटं. तिथे इंधन जळतं आणि बोट हलकी होत जाते. मिलीलिटरला साधारण एक ग्रॅम धरलं तर २०० मिलीलिटरची टाकी रिकामी होईपर्यंत २०० ग्रॅम गेले. टाकी सीजीवरच असेल तर निदान तोल तरी टिकतो. टाकी सीजीच्या १२ सेंटिमीटर पुढे असेल तर दोन किलोच्या बोटीत शर्यत संपता संपता सीजी सेंटिमीटरहून थोडा जास्तच मागे येतो. शेवटच्या फेऱ्यांत, अगदी जिंकत असताना, उलटणाऱ्या बोटींपैकी कित्येकींचं दुखणं हेच. अशा बोटीत नाकात शिसं घालू नका, टाकी हलवा.

तिसरी गोष्ट वारा. बोट प्रत्येक वेळी एकाच बाजूच्या सरळ पट्ट्यावर उलटते का? मग आधी वाऱ्याची दिशा बघा. बोट सेकंदाला २० मीटरने जातेय आणि वारा सेकंदाला ५ मीटरचा आहे. वाऱ्यावर चाल करताना बोटीला लागणारी हवा २५ मीटरची, वारा पाठीशी घेऊन जाताना १५ मीटरची. दोन्हींचे वर्ग करून भागा: उचलीत पावणेतीन पटीचा फरक. तीच बोट, तेच वजन, तेच तळं. पलीकडच्या पट्ट्यावर जी बोट जड वाटते तीच अलीकडच्या पट्ट्यावर पतंग होते. दोन्हीकडे एकाच वजनाने समाधान होईल अशी अपेक्षाच करू नका. वाऱ्यावर जाताना बोट थ्रॉटलवर हाकायची असते. तसा थोडा फरक हवेच्या थंडीनेही पडतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ३५ अंशांची हवा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ असते. सकाळी बावचळणारी बोट दुपारी आपोआप सुधारली तर लगेच स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका.

आणि चौथी वेळ, जिने माझा मोसम खाल्ला: पहिली हीट झकास, दुसरी बरी, तिसऱ्या हीटला उलटी.

जड झाली म्हणून उडाली

माझ्या बोटीचं तंत्र हेच होतं. सकाळी कोरडी बोट दोन किलोची, सीजी १९ सेंटिमीटरवर, पळायलाही छान. तिसऱ्या हीटपर्यंत नाक हलकं व्हायचं. शिवाय उजवं वळण घेताना डावा स्पॉन्सन पाण्यात रुतायचा. मी प्रॉप बदलला. ट्रिम बदलला. ३० ग्रॅम शिसं लावलं, मग ६०. घरी येऊन दुसऱ्या दिवशी तपासावं तर सगळं ठीक!

एका दुपारी शेजारी बसलेल्या काकांनी माझी बोट उचलली, कानाजवळ नेली आणि हलवली.

"ऐकू येतंय का रे तुला?"

"काय?"

"अरे, डुचमळतंय आत."

रेडिओ बॉक्स कोरडा होता. मधला भाग कोरडा. पाणी डाव्या स्पॉन्सनच्या बंद पोकळीत होतं, जिथे बघायला ना झाकण ना खिडकी. काटा काढला: २,१४० ग्रॅम. १४० मिलीलिटर पाणी घेऊन माझी बोट शर्यत खेळत होती. रात्रभर तिरपी ठेवली की त्यातलं बरंचसं आलं त्या वाटेने पाझरून जायचं, म्हणून घरी काही सापडत नसे.

आता गंमत बघा. बोट १४० ग्रॅमने जड झाली होती, तरी उलटत होती. कारण शिसं चिकटवलं तिथेच राहतं, पाणी राहत नाही. थ्रॉटल दिला की ते मागे धावतं. १४० ग्रॅम पाणी ट्रान्समपासून ५ सेंटिमीटरवर जाऊन साचलं की सीजी १९ वरून १८ सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे नाक मोकळं करायचं काम पाणीच करत होतं, आणि तेही नेमकं वेग घेताना. थ्रॉटल सोडला की तेच पाणी पुढे. डावा स्पॉन्सन जड, म्हणून उजव्या वळणात, जेव्हा डावी बाजू बाहेरची असते, तो रुतायचा. दोन वेगळे आजार वाटत होते, पण जंतू एकच.

गळती शोधायची माझी पद्धत उलटी आहे. बोट पाण्यात बुडवून आत काय येतं ते बघण्यापेक्षा आत पाणी घालून बाहेर काय येतं ते बघा. एक कप पाण्यात खाण्याचा रंग कालवायचा, पोकळीत सोडायचा आणि बोट जुन्या पांढऱ्या कापडावर वेगवेगळ्या अंगांवर दहा-दहा मिनिटं ठेवायची. डाग जिथे उमटेल तिथे भोक. बंद स्पॉन्सनमध्ये पाणी घालायला वाट नसेल तर ती तुम्हालाच करायची आहे. मागच्या टोकाला वरच्या बाजूने एक छोटं भोक पाडा आणि त्यात रबरी बूच बसवा. या बुचामुळे बोट कुरूप दिसते, असं मलाही आधी वाटायचं.

माझ्याकडे डाग टर्न फिनच्या (वळताना पाणी धरणाऱ्या पात्याच्या) स्क्रूपाशी उमटेल असं मी धरून चाललो होतो. पण ती फिन उजव्या स्पॉन्सनवर, आणि पाणी डावीकडे. डाग आला ट्रान्समपाशी. आउटबोर्डच्या बोल्टची भोकं प्लायमधून आरपार गेलेली, आत इपॉक्सी लावलेलं नाही. मोटरच्या हादऱ्याने भोक सैल झालेलं आणि तिथून पाणी प्लायच्या थरांतून स्पॉन्सनच्या जोडापर्यंत. बोल्ट काढले, लाकूड पूर्ण वाळवलं, भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली आणि त्या इपॉक्सीतून पुन्हा बोल्टच्या मापाची भोकं पाडली. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. साठ ग्रॅम शिशाने जे झालं नव्हतं ते एका संध्याकाळीत झालं, वाळवण्याचे तीन दिवस सोडून.

जाता जाता आतला फोमही दाबून बघा. तो बंद पेशींचा हवा, पोहण्याच्या तलावात लांबलचक फोमच्या दांड्या असतात तसा. भांडी घासायच्या स्पंजासारखा फोम घातला असेल तर तो तरंगवायचं सोडून पाणीच साठवतो.

शिसं की बॅटरी

बोट कोरडी आहे, वारा समजला, तरी नाक हलकंच. मग सीजी पुढे न्यायचाच आहे. दोन मार्ग शेजारी ठेवून बघू.

नाकाच्या टोकाशी, ट्रान्समपासून ६२ सेंटिमीटरवर, ६० ग्रॅम शिसं लावलं. सीजी १९ वरून २०.२५ वर गेला. सव्वा सेंटिमीटर पुढे, वजन २,०६०.

दुसरा मार्ग. ४२० ग्रॅमची बॅटरी आहे तिथून ६ सेंटिमीटर पुढे सरकवली. ४२० गुणिले ६, भागिले २,०००: सव्वा सेंटिमीटर. वजन २,०००. एक ग्रॅमही वाढला नाही.

सीजी सारखाच, तरी या दोन बोटी पाण्यावर सारख्या वागत नाहीत. काठीच्या दोन टोकांना वजनं बांधून ती मनगटाने फिरवून बघा. तीच वजनं मुठीजवळ आणून पुन्हा फिरवा. मागे आउटबोर्ड, पुढे नाकात शिसं, म्हणजे तुम्ही टोकांना वजन बांधलेली काठी पळवताय. नाक वर जायला वेळ लागतो हे खरं. पण एकदा निघालं की थांबायलाही वेळ लागतो, आणि खाली येताना तेही धपकन. दुसऱ्या बोटीच्या लाटेवरून गेल्यावर एकदाच उसळून शांत होणारी बोट आणि चार उसळ्या मारणारी बोट यांत कित्येकदा एवढाच फरक असतो.

म्हणून बॅटरीचा तळ वेल्क्रोच्या लांब पट्टीवर ठेवा आणि शेजारी सेंटिमीटरच्या खुणा करा. सर्व्हो (दिशा वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) यांचीही जागा बदलता येते, पण फार खटपट करून हाती थोडंच लागतं. शिसं सगळ्यात शेवटी, तेही नाकाच्या टोकाला न लावता जमेल तितकं मागे.

डावी-उजवीकडेही लक्ष असू द्या. प्रॉप एका दिशेने फिरतो आणि बोट उलट दिशेला कलू पाहते, त्यामुळे सरळ धावतानाही एक स्पॉन्सन जास्त दबतो. बॅटरी सेंटिमीटरभर दुसऱ्या बाजूला नेली की बहुतेक वेळा भागतं.

आणि खरंच जड असेल तर?

असतेही. काही हल इतकी डागडुजी सोसून आलेली असतात की इपॉक्सी किती आणि बोट किती हे सांगता येऊ नये. जड बोट ओळखायला काटा लागत नाही. ती पाण्यावर चढायला वेळ घेते, शेपूट ओढत राहते, सुरुवातीला प्रॉप नुसता फेस काढतो. वळणानंतर गेलेला वेग परत यायला अर्धा पट्टा जातो. हीटनंतर मोटर, ईएससी, बॅटरी तिन्ही गरम. नाक वर-खाली डुलत राहिलं तर मात्र वजनाला दोष देऊ नका; ते बहुधा सीजी फार मागे असल्याचं किंवा तळ खराब असल्याचं लक्षण.

वजन उतरवायला सगळ्यात सोपी जागा बॅटरी. ५,००० एमएएचची (म्हणजे ५ अँपिअर-तास क्षमतेची) बॅटरी सरासरी ६० अँपिअर ओढत असेल तर ५ मिनिटांत संपेल. २० टक्के राखून ठेवायचे म्हणजे ४ मिनिटं. तुमची हीट, रांगेतला वेळ धरून, अडीच मिनिटांत संपते? चार्जर लावल्यावर दरवेळी निम्मी बॅटरी शिल्लक दिसते? तर ती शिल्लक तुम्ही फुकट वाहताय. ४,०००ची घ्या. ती शंभरएक ग्रॅमनी तरी हलकी असते आणि लहान असल्यामुळे पुढे-मागे सरकवायला जागाही देते.

फार हलकी करायची हौसही आवरा. पाणी आरशासारखं असेल त्या दिवशी हलकी बोट राणी. तेच पाणी इतर पाच बोटींनी घुसळून काढलं की ती लाटेगणिक हवेत, आणि हवेतल्या प्रॉपला पकड नाही. लाटा असल्या की मी ६० ग्रॅमची पट्टी सीजीवरच स्क्रूने बसवतो. तोल तोच राहतो, अंग जरा भारी होतं.

वजनाचा बुरखा घातलेले इतर

दोनच सांगतो. पहिला ट्रिम. प्रॉपचा शाफ्ट स्पॉन्सनच्या तळाला समांतर असला की शून्य. सुरुवात तिथून. आउटबोर्डचा पाय बाहेर ढकलला की नाक उचलतं, आत घेतला की दबतं. अर्ध्या अंशाचा फरक ५० ग्रॅम शिशाएवढा बोलतो. स्क्रू हादऱ्याने सरकत नाही ना, याची खूण म्हणून त्यावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवा.

दुसरा तळ. स्पॉन्सनच्या मागच्या १५ सेंटिमीटरवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडासमोर बघा. पट्टीच्या टोकांशी उजेड दिसला तर तळ फुगलेला आहे आणि बोट डुलणार. मध्ये उजेड दिसला तर तळ आत वळलाय, तो नाक खाली दाबतो आणि वेग खातो. मागची कडा धारदार हवी. घासून गोल झालेली कडा पाण्याला चिकटून राहते आणि तुम्हाला वाटतं बोट जड आहे.

ग्रॅम-ग्रॅम उतरणे

सगळं झालं की वजन ठरवायचं, आधी नाही. वारा पडलेला दिवस निवडा. बोट मुद्दाम थोडी जड आणि नाकाकडे झुकलेली ठेवून सुरू करा, माझ्या बोटीत २,०८० ग्रॅम आणि सीजी २०.५ सेंटिमीटर. प्रत्येक धावेला बॅटरी पूर्ण भरलेली, नाहीतर तुलना फसते. दोन बॉयांमधला (तरंगत्या खुणांमधला) सरळ पट्टा, हातात स्टॉपवॉच. आधी सीजी अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने मागे घ्यायचा, वजनाला हात न लावता. नाक पाण्यावर थरथरू लागलं की अर्धा सेंटिमीटर परत पुढे. मग सीजी तिथेच ठेवून २०-२० ग्रॅम काढत जायचं. वेळ कमी होत राहिली तर काढत राहा. दोनदा काढूनही वेळ तीच आली तर वजन आता आड येत नाहीये; शेवटचे २० ग्रॅम परत लावा आणि थांबा.

माझी बोट १,९६० ग्रॅमवर आणि १९.५ सेंटिमीटरवर थांबली. लाटांच्या दिवशी २,०२०. दोन्ही आकडे मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेत, आणि त्यांच्याखाली तिसरा, हीटनंतरच्या वजनाचा. तो दहा ग्रॅमहून जास्त वाढला की मी प्रॉपला हात लावत नाही, आधी डाव्या स्पॉन्सनचं बूच काढतो.